ऐकणाराचें ऋण

चोरीची निंदा करण्यांत कोणाचें दुमत होत नाहीं. परंतु चोरी कशास म्हणावें याविषयीं मात्र सज्जनांतहि मतभेद होतात. दुसऱ्याच्या पेटींतील दागिना उचलणें ही चोरी खरीच. पण दुसऱ्यानें विश्वासानें सांगितलेली कल्पना उचलणें ही चोरी आहे कीं नाहीं? आमच्या हुपरी गांवांत हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. येथें घरोघर चांदीचे पैंजण घडतात. कारागिरास चांदी तोलून मिळते, घडलेला दागिना तोलून घेतला जातो, आणि घट किती आली याचाहि हिशेब होतो. परंतु त्याच कारागिरानें स्वबुद्धीनें काढलेला नवा नमुना व्यापाऱ्यापुढें ठेवला, तर तो कोणत्याच तराजूंत पडत नाहीं. 'नको' म्हणून परत केलेला नमुना पाहणाराच्या डोळ्यांत राहतोच. आणि तोच पुढें दुसऱ्या कोणाकडून कमी मजुरींत घडवून घेतला गेला, तर मूळ कारागिरानें दाद कोणाकडे मागावी?

स्वतंत्रपणें चित्रपट वा मालिका निर्माण करणारांची अवस्था याहून निराळी नाहीं. असा निर्माता मुंबईस एखाद्या दूरचित्रवाहिनीच्या कचेरींत चार पानांचा आराखडा घेऊन जातो. कथा सांगितल्यावांचून ती कोणी विकत घेत नाहीं, आणि एकदां सांगितली म्हणजे विकण्याजोगें त्याच्यापाशीं फारसें उरत नाहीं.

कायदा याविषयीं काय म्हणतो? दिल्लीचे नाटककार आर. जी. आनंद यांनीं 'हम हिंदुस्तानी' हें आपलें नाटक १९५५ सालीं चित्रपटकार मोहन सैगल यांस वाचून दाखविलें. १९५६ सालीं सैगलांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट निघाला. विषय तोच, प्रांतीय अभिमानाचा. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ सालीं निकाल झाला तो असा, कीं कल्पनेवर वा विषयावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो कल्पनेस दिलेल्या रूपावर, आणि हीं दोन रूपें भिन्न आहेत.

हा नियम अन्यायाचा आहे असें मला वाटत नाहीं. कल्पनांना कुंपणें घातलीं असतीं, तर आमचे संत, शाहीर व कीर्तनकार मुकेच राहिले असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणलें, तेव्हां कालिदासाचें कांहीं गेलें नाहीं. उलट त्याचें नांव घरोघर पोंचलें. शिवाय एकच कल्पना दोघांस स्वतंत्रपणें सुचणें अशक्य नाहीं, आणि नव्या पैंजणांतहि जुन्या पिढ्यांच्या हाताचें वळण असतेंच.

परंतु कालिदासाचें नाटक जगापुढें उघडें होतें. बंद खोलींत सांगितलेली कथा उघडी नसते. हा भेद मुंबई उच्च न्यायालयानें २००३ सालीं सनडायल कम्युनिकेशन्स व झी टेलिफिल्म्स यांच्या वादांत मानला. बाळकृष्ण मनुष्यरूपानें सामान्य कुटुंबांत वावरतो, अशी मालिकेची कल्पना सनडायलनें वाहिनीपुढें मांडली होती. कृष्ण सर्वांचाच, पण त्या सर्वांच्या कृष्णावर श्रम करून ज्यानें नवी योजना केली, त्यानें ती विश्वासानें सांगितली असेल, तर विश्वासभंगावर स्वतंत्रपणें दाद मागतां येते, असें मानून न्यायालयानें अंतरिम मनाईहुकूम कायम ठेवला.

माझ्या मतें मर्म येथें आहे. अपराध कल्पना घेण्यांत नसून, विश्वास मोडण्यांत आहे. ऐकणें ही निष्क्रिय गोष्ट नव्हे. जो 'सांगा' म्हणून समोर बसवितो, तो न बोलतां एक वचन देतो. आणि सांगणारा गरजू असल्यामुळें तें वचन अधिकच बंधनकारक होतें. तेव्हां ऐकणारानें, तत्सम योजना आपल्या हातीं असल्यास ती आधींच सांगावी. कल्पना नापसंत झाल्यास ती विसरावी. पसंत झाल्यास नांव व मोबदला दोन्ही द्यावीं. 'कायद्यानें मी बांधलेला नाहीं' हें उत्तर न्यायालयांत पुरेल. सभ्य मनुष्यास तें पुरूं नये.

कायद्याचा आधार शहाण्यानें घ्यावाच. मुंबईचे पटकथालेखक आपल्या संघटनेकडे संहिता नोंदवून ठेवतात. कारागिरासाठीं २००० सालचा डिझाइन कायदा आहे. नोंदलेल्या नमुन्यास प्रथम दहा वर्षें, व पुढें आणखी पांच वर्षें संरक्षण मिळतें. मात्र नोंदणीपूर्वीं तो जाहीर झालेला नसावा. परंतु आठवड्याच्या मजुरीवर ज्याचा संसार चालतो, त्यास वकिलाच्या पायऱ्या झिजविण्याचें त्राण कोठून असणार?

म्हणून हा प्रश्न अखेर कारागिराच्या सावधगिरीचा नसून, समर्थांच्या नीतीचा आहे. आणि समर्थ म्हणजे केवळ वाहिन्या व व्यापारी नव्हेत. विद्यार्थ्यानें भीतभीत बोलून दाखविलेला विचार आपल्या निबंधांत घालणारा अध्यापक, कारकुनाची सूचना स्वतःच्या नांवें वर पाठविणारा अधिकारी, हेहि त्याच पंक्तीचे. या ऋणाचा रोखा कोठेंच लिहिलेला नसतो. म्हणूनच तें फेडण्याची जबाबदारी केवळ ऋणकोच्या सद्सद्विवेकावर राहते.