ऊन पडल्यावर निघणारी सहल

पक्षी बघणाऱ्या मंडळींनी आपल्या मनात एक धाक घालून ठेवला आहे: निसर्ग बघायचा तर पहाटे चारचा गजर हवा. त्यामुळे चतुर आणि टाचण्या बघायला साताऱ्यापलीकडे ठोसेघरच्या बाजूला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या बारा जणांच्या बेताच्या कागदावर कुणीतरी पहिलीच ओळ लिहिली, ‘निघणे : पहाटे ४.३०’. मी ती खोडली. काही संध्याकाळी उडणाऱ्या जाती सोडल्या, तर चतुराला उजाडण्याशी कर्तव्य नसतं, त्याला ऊन लागतं. रात्रभर गारठलेलं अंग तापल्याशिवाय पंखांचे स्नायू नीट चालत नाहीत. नऊच्या आत ओढ्यावर पोचलो, तर दव बघून परत यावं लागेल.

महिना ऑक्टोबर. पावसाळ्यात त्या भागात धुकं आणि जळवा, उन्हाळ्यात ओढे आटलेले. ऑक्टोबरात पाणी वाहतं असतं आणि एरवी ज्याला आपण शिव्या देतो ते ऊन मुबलक असतं. तरी मी दोन रविवार राखून ठेवायला सांगितले. ढग आला की ओढा क्षणात रिकामा होतो. आपल्या सहलींना दिवस ठरवायची सवय आहे, ऊन ठरवायची नाही. गटातल्या निवृत्त शिक्षिका काकूंना हे पटलं नाही. ‘अहो, डबे काय ढग बघून भरायचे?’ त्यांचा मुद्दा बरोबर होता, उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नावांवरून मात्र बैठक रंगली. चतुर बसताना पंख पसरून बसतो, त्याचे डोळे मोठे आणि बहुधा एकमेकांना टेकलेले. टाचणी सडपातळ, डोळे डोक्याच्या दोन टोकांना, आणि बसली की बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटलेले. टाचणी हे नाव ज्याला सुचलं, त्याची नजर चांगली असली पाहिजे. गंमत अशी की फुलपाखरांच्या संग्रहात टाचणी टोचतात, पण या टाचणीला टोचणं सोयीचं नसतं. सुकलेलं शेपूट लगेच तुटतं, म्हणून अभ्यासक तिला कागदाच्या पाकिटात ठेवतात. शिवाय जीव गेला की रंग विटतात. निळा काळवंडतो, लाल मातकट होतो. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवलं तर थोडेफार टिकतात, एवढंच. फ्रेझर या लष्करी डॉक्टरने भारतातल्या चतुरांवर लिहिलेले तीन जाडजूड खंड १९३३ ते १९३६ या काळात निघाले आणि आजही अभ्यासक ते उघडतात. पण तो निळा त्या पानांत मिळत नाही, पाकिटातही नाही. त्यासाठी ओढ्यावरच जावं लागतं.

दोऱ्याचा विषय निघाला आणि सगळे जरा गप्प झाले. बाराच्या बारा जणांनी लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवलं होतं. कुणी त्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणत असे. ही कबुली कुणी मागितली नव्हती.

बारा माणसं ओढ्याच्या काठाने एका रांगेत चालली, तर पहिल्याला चतुर दिसणार आणि बाराव्याला फक्त त्याने सोडलेली काडी, अशी शंका निघाली. पक्ष्यांच्या बाबतीत ती खरी ठरते. पण काडीवर बसणारे अनेक नर चतुर आपल्या पाण्याचा तुकडा राखतात; उडतात, घुसखोराला हाकलतात आणि त्याच काडीवर परत येतात. म्हणून बाराव्याने फक्त थांबायचं. सावली मात्र काडीवर पडू द्यायची नाही, ऊन समोर ठेवून वाकायचं. ठोसेघरच्या नावाने ओळखली जाणारी एक टाचणीही आहे. ती दिसेलच, असं मी कागदावर लिहिलं नाही.

काडीवर न बसणाऱ्यांचं काय? पिवळसर ‘पँटाला’ दिवसभर हवेतच असतो. पाच सेंटिमीटरचा हा किडा ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवच्या बेटांवर थव्याने उतरतो, जिथे त्याच्या पिलांसाठी गोडं पाणी जवळपास नाही. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की हे थवे भारताकडून वाऱ्यावर बसून पूर्व आफ्रिकेकडे जातात, आणि परतीचा फेरा पुढच्या पिढ्या पुरा करतात. म्हणजे ठोसेघरच्या बाजूच्या पठारावर भिरभिरणाऱ्या त्या थव्याखाली उभं राहून आपण एका मोठ्या प्रवासाचा फार थोडा भाग पाहणार. अनेक चतुरांचं जिणंही असंच थोडंसंच दिसतं, बहुतेक काळ पाण्याखाली. पिलू गुदद्वारातून पाणी आत घेऊन श्वास घेतं आणि तेच पाणी जोराने सोडून पुढे उसळी मारतं. (शाळकरी मुलांना हे पहिल्यांदा सांगावं, मग दिवसभर त्यांचं लक्ष दुसरीकडे जात नाही.) अशांचं उडतं आयुष्य हा शेवटचा थोडासा भाग. काठावरच्या गवताला चिकटलेली रिकामी कात मात्र बिनधास्त गोळा करावी, त्यात कुणाचा जीव जात नाही. पण राखीव जंगलातून काही उचलायचं असेल, तर वन खात्याची परवानगी आधी काढावी लागते, ते काम गटातल्या अण्णांकडे दिलं.

एकाने विचारलं, एवढं लांब कशाला, आमच्या सोसायटीमागच्या गटारावर नारिंगी चतुर रोज बसतो. खरं आहे. घाण पाण्यावर निर्धास्त वाढणारी ती एक जात आहे, आणि ती दिसणं ही काही पाण्याची स्तुती नव्हे. पहिल्या रविवारी ढग आले, तर तिथेच जायचं, असं आम्ही लिहिलं.

शेवटी गाड्यांचा प्रश्न आला. चतुरांना पाणी ओळखायला परावर्तित प्रकाशाचं आडवं ध्रुवण मदत करतं, आणि गुळगुळीत काळं किंवा लाल बॉनेट तसाच प्रकाश फेकतं. फसलेली मादी त्यावर शेपूट टेकवून अंडी घालते. ती तिथेच वाळून जातात. गटातल्या एकाची गाडी नवी, काळी, रोज पुसलेली. त्याने कागद पुढे ओढला आणि ‘डबे, पाणी, दुर्बिणी’च्या खाली लिहिलं, ‘गाडीवर टाकायला जुनी चादर’. काकू म्हणाल्या, ‘माझ्याकडे आहे, सोलापुरी.’