शिंपल्यांसाठी कपाट

1899 मध्ये लॉफ्टस सेंट जॉर्ज बाइन या इंग्रज अभ्यासकाने शंखशिंपल्यांच्या एका दुखण्याबद्दल लिहिले. संग्राहकांनी कपाटात वर्षानुवर्षे जपलेल्या कवड्यांवर आणि शंखांवर पांढरी भुकटी धरत होती. आधी चकाकी जायची, मग रंग उतरायचा आणि शेवटी बोट फिरवले की वरची नक्षीच पीठ होऊन हाताला लागायची. बाइनने दोष जिवाणूंना दिला. निदान चुकले तरी त्याचे नाव मात्र चिकटले, आणि या विकाराला आजही ‘बाइनचा रोग’च म्हणतात. पुढे 1985 मध्ये नॉर्मन टेनंट आणि थॉमस बेअर्ड यांनी ही भुकटी तपासली, तेव्हा तिच्यात ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लांपासून झालेले कॅल्शियमचे क्षार सापडले. ही आम्ले बहुतेक वेळा येतात ती कपाटाच्या लाकडातून.

घरच्या संग्रहासाठी स्वतः कपाट करायला बसणाऱ्या प्रत्येकाने हातात करवत घेण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. लाकूड घडवण्याचा आनंद मोठा असतो. त्या आनंदात आपण लाकडाची रेषा पाहतो, सांधे पाहतो, पॉलिशची झळाळी पाहतो, आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो शिंपला कशाचा बनला आहे, हे विचारायचे राहून जाते. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच भाऊबंद. त्याला आम्ल सोसत नाही. आणि लाकूड झाड तोडल्यावरही गप्प बसत नाही. त्यातल्या हेमिसेल्युलोजला जोडलेले ॲसेटिल गट हवेतल्या ओलाव्याने हळूहळू सुटतात आणि त्यांचे ॲसेटिक आम्ल होते, म्हणजे व्हिनेगरमधले तेच आम्ल. बरेच दिवस बंद असलेला जुना ड्रॉवर उघडल्यावर नाकाला जी आंबूस झुळूक लागते, ती अनेकदा याचीच असते.

इथे आपल्याकडच्या एका श्रद्धेला धक्का बसतो. मराठी घरात चांगले लाकूड म्हणजे सागवान. आजोबांचे कपाट सागवानी होते हे सांगताना आवाज बदलतो, आणि तो बदलावा अशीच सागाची योग्यता आहे. वाळवी त्याला सहसा लागत नाही, पावसाळ्यात तो फारसा वाकत नाही, रंध्याखाली रेशमासारखा निघतो. पण आम्लाच्या बाबतीत तो निर्दोष नाही. बंद जागेत धातू गंजवणाऱ्या लाकडांमध्ये ओक आणि चेस्टनट सर्वांत वर येतात. साग त्यांच्या खालोखालच्या गटात आहे, अक्रोड आणि महोगनी त्याहून सौम्य. एमडीएफ आणि साधा प्लायवूड तर आणखी वाईट, कारण त्यांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटत राहते आणि त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते. बाजारातून रंगीत सनमायका लावलेले तयार शोकेस आणून त्यात कोकणच्या किनाऱ्यावर गोळा केलेले शिंपले मांडणे म्हणजे त्यांची आयुर्मर्यादा ठरवून टाकणे होय.

मग सागवान वापरायचेच नाही का? मी तसे म्हणणार नाही. चौकट, पाय, दार यांसाठी साग हवाच. शिंपला जिथे प्रत्यक्ष टेकतो आणि ज्या हवेत राहतो, तिथे मात्र लाकडाला थेट येऊ देऊ नये. ड्रॉवरच्या आतल्या बाजूंना ॲल्युमिनियमचे जाडसर फॉइल चिकटवावे, त्यावर आम्लविरहित पुठ्ठा घालावा. सुताराला हे सांगितले की त्याचा चेहरा पडतो, कारण त्याने मन लावून घासलेली फळी आपण झाकतो आहोत. त्याची खंत खरी आहे. पण संग्रहाच्या कपाटात लाकडाने थोडे मागे उभे राहायला शिकले पाहिजे, आणि ते घडवणाऱ्यानेही.

शंका असेल तर घरी तपासून पाहता येते. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये एक कसोटी मांडली. संशयित लाकूड किंवा कापड, थोडे पाणी आणि चांदी, तांबे, शिसे यांचे चकचकीत तुकडे काचेच्या भांड्यात बंद करून ते 60 अंश सेल्सियसला 28 दिवस ठेवायचे, मग धातूंवर काय उमटले ते पाहायचे. घरी एवढा काटेकोरपणा साधत नाही, पण तत्त्व वापरता येते. कोळ्यांच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी सुरीने खरवडली की आतून निळसर, आरशासारखी लखलखते. ती घट्ट झाकणाच्या बरणीत लाकडाच्या ढलप्यांबरोबर ठेवावी, ओला कापसाचा बोळा टाकावा. शेजारी दुसरी बरणी तशीच, फक्त लाकडाशिवाय. काही आठवड्यांनी पहिल्या बरणीतल्या शिशावर पांढुरकी साय आली आणि दुसरीतली नुसतीच मंदावली, तर उत्तर मिळाले. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत आणि बरणी मुलांपासून लांब ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

पॉलिशबद्दलही हेच. बेलतेल लावलेल्या लाकडाचा रंग मला फार आवडतो. सागावर ते चढले की मध ओतल्यासारखे दिसते. पण बेलतेल म्हणजे अळशीचेच तेल, आणि ते सुकते म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि या क्रियेत ते स्वतःच आम्ले सोडते, तीही कित्येक आठवडे. तैलरंग आणि तेलाधारित व्हार्निशचे तेच. चपड्याचे तसे नाही. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर केलेल्या थराचे शुद्ध केलेले पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळतात, स्पिरिट उडून गेले की मागे पातळ कवच राहते. मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, एकावर एक, नखाएवढाही जाड होऊ न देता हे थर चढवायचे. घाई केली की बोळा चिकटतो आणि खालचा थर ओरखडून निघतो. पाण्याचा ओला पेला ठेवला तर त्यावर पांढरा डाग पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला ते बरे नाही. पण संग्रहाच्या कपाटावर कोण पेला ठेवणार? आणि काहीही लावले तरी कपाट महिनाभर तरी दारे उघडी टाकून वाऱ्यावर सोडावे. हा महिना ज्यांना जड जातो, त्यांना मी समजू शकतो. रिकामे कपाट समोर आणि डब्यात गुंडाळलेले शिंपले. तरीही थांबावे.

आता सांध्यांचे. कोकणात मे आणि जुलै यांत लाकूड दोन वेगळ्या देशांत राहून येते. रेषेच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. फूटभर रुंदीची फळी एक-दोन मिलिमीटर सहज फुगते. म्हणून रुंद फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी किंवा गोंदाने जखडू नये. चौकटीला खाच मारून तीत फळी सैल बसवावी, गोंद फक्त चौकटीच्या कुसवांना. जुन्या वाड्यांची दारे शंभर पावसाळे याच युक्तीवर तगली. ड्रॉवर तर पावसाळ्यातल्या मापाने करावा, उन्हाळ्यात तो थोडा सैल वाटला तरी चालेल.

सैल वाटण्यात एक लाभही आहे. धूळ नको म्हणून आपण कपाट हवाबंद करायला जातो, पण हवाबंद कपाटात लाकडाने सोडलेले आम्ल साठत जाते. धूळ आणि आम्ल यांच्या मागण्या उलट आहेत. माझ्या मते शिंपल्यांच्या बाबतीत धूळ पत्करावी. ती मऊ ब्रशने निघते. शिंपल्याचा गेलेला पृष्ठभाग मात्र परत येत नाही. आणि शिंपले ठेवण्याआधी गोड्या पाण्यात भिजवून त्यांतले समुद्राचे मीठ काढावे, कारण मीठ ओल ओढते आणि ओलीत हा सगळा उत्पात वाढतो.

कप्प्यांची मापे कशावरून ठरवायची, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर बहुतेक जण शिंपल्याकडे पाहून उत्तर देतात. मी चिठ्ठीकडे पाहीन. कोणता किनारा, कोणती तारीख, भरतीची रेषा की खडकाची खाच, कोणी उचलला, एवढे लिहिलेली चिठ्ठी नसेल तर शिंपला केवळ सुंदर राहतो, अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून कप्प्याची किमान रुंदी चिठ्ठीएवढी हवी, शिंपला मग नखाएवढा का असेना. तिसऱ्या, खुबे, कवड्या, ज्या आपल्या किनाऱ्यावर मरून पडलेल्या सापडतात, त्या अशा मांडल्या की खाडीच्या तोंडाशी काय येते आणि पुळणीवर काय, हे एका दृष्टीत कळू लागते. (ट्रायटन, नॉटिलस, हॉर्न्ड हेल्मेट यांसारख्या काही जातींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्या विकतही घेऊ नयेत.)

आणि कप्पे पक्के ठोकू नयेत. वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसपूर्वी वाळवलेल्या वनस्पती बहुधा पुस्तकासारख्या बांधून ठेवत. एकदा बांधल्या की क्रम कायमचा. लिनियसने कागद सुटे ठेवले आणि 1751 च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त त्यासाठी कपाटाची रचनाही दिली, आपल्या 24 वर्गांना अनुसरून. वर्गीकरण त्याने लाकडात उतरवले, पण कागद सुटे असल्यामुळे नव्या वनस्पतीला मधेच जागा देता आली. त्याचे ते 24 वर्ग आज कोणी वापरत नाही. सुटे कागद मात्र जगभरच्या वनस्पतिसंग्रहांनी घेतले. घरच्या कपाटातही ड्रॉवरमध्ये पुठ्ठ्याच्या सुट्या पेट्या ठेवाव्यात, दोन-तीन मापांच्या, एकमेकींत नेमक्या बसणाऱ्या: मोठीच्या जागी दोन मधल्या, मधलीच्या जागी दोन छोट्या.

मुंबईत 1883 मध्ये आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे होते. एकमेकांना नमुने दाखवावेत, टिपणे वाचावीत, एवढाच आरंभीचा बेत. पण नमुने ठेवायचे कुठे हा प्रश्न लगेच आला, आणि 1884 मध्ये फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या जागेतली खोली दिली तेव्हा संग्रहाला घर मिळाले. घरगुती संग्रहांनाही कधीतरी असे दुसरे घर शोधावे लागते: एखादे महाविद्यालय, एखादे संग्रहालय, एखादी उत्सुक भाची. त्या वेळी कपाट सहसा बरोबर जात नाही, ते जड असते आणि घेणाऱ्याकडे जागा नसते. जातात त्या पेट्या. म्हणून शिंपल्याच्या आतल्या बाजूला, सहज न दिसेल अशा ठिकाणी, बारीक निबाने काळ्या ड्रॉइंग इंकमध्ये क्रमांक लिहावा, तोच चिठ्ठीवर, तोच वहीत. तेवढे झाले की कपाटात पुढे पुस्तके ठेवली तरी बिघडत नाही.