रांगेतले दगड

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गावांनी गणपती बोळवले होते. माणसं उशिरा आडवी झाली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर भागातली गावंच्या गावं दगडमातीचे ढीग होऊन पडली. घरं माळवदाची. दगड आणि चिखलाच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात ज्या छपरानं गारवा दिला, तेच झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. मागोमाग पाऊस लागला.

त्या मुलखातल्या एका गावाची ही गोष्ट.

गावात शाळा उरली नव्हती, गुरुजी उरले होते. काही दिवसांनी त्यांनी ढिगाऱ्यातून हजेरीची वही उकरून काढली, उन्हात वाळवली आणि माळावरच्या लिंबाखाली शाळा भरवली. पत्र्याचं शेड मिळत होतं, पण लेकरं कुठल्याच छताखाली यायला तयार नव्हती. पहिल्या दिवशी गुरुजींनी वही उघडली आणि पुन्हा मिटली. हजेरी घेतली नाही. समोर बसलेली लेकरं फक्त मोजली. अकरा होती.

पाढे सुरू झाले. बे एके बे म्हणताना पोरांचे आवाज आधी बारीक होते, मग जरा मोकळे झाले. तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली. काही पोरं दचकून उठली, त्यांना वाटलं पुन्हा जमीन हलली. बाकीची ओरडली, “गाडी आली!” मदतीची गाडी होती. क्षणात लिंबाखाली गुरुजी एकटे राहिले.

असं रोज होऊ लागलं. कधी तांदूळ, कधी पांघरुणं, कधी भांडी. गाडी कधी येईल त्याचा नेम नसे, आणि रांगेत उभं राहिल्याशिवाय काही मिळत नसे. गुरुजींनी एका पोराला थांबवून विचारलं, “अरे, तू तरी बस.”

पोरगा दहा वर्षांचा असेल. तो म्हणाला, “गुरुजी, बाप गेला. आईचा पाय मोडलाय. मी इथं बसलो तर तिला पांघरूण कोण आणणार?”

गुरुजींनी त्याला जाऊ दिलं. दुसरं काय करणार? पोराचं म्हणणं खरं होतं.

लिंबापासून थोड्या अंतरावर एक म्हातारी बसलेली असे. तिच्या घरातलं कुणीच वाचलं नव्हतं. नातू तिसरीत होता. ती काही बोलत नसे, नुसती पाढे ऐकत असे. त्या संध्याकाळी गुरुजी तिच्याजवळ टेकले. म्हणाले, “आजी, उद्यापासून शाळा बंद ठेवतो. पोटाची सोय झाली की मग बघू.”

म्हातारी लांब बघत राहिली. मग म्हणाली, “उद्याच्या दिवस भरवा.”

दुसऱ्या दिवशी पाढे चालू असताना ती टोपली घेऊन गाडी थांबायच्या जागेवर गेली. टोपलीत दगड होते, तिच्याच पडक्या घराचे. एकापुढं एक असे तिनं ते मांडले. अकरा दगड. आणि शेवटी स्वतः उभी राहिली.

गाडीची घरघर आली. पोरं उठली. म्हातारी तिथूनच ओरडली, “बसा रे खाली! तुमची जागा मी धरलीय!”

रांगेत कुरबूर झाली. “आजी, एका माणसाला एकच मिळंल. दगडं लावून कसं चालंल?”

म्हातारी म्हणाली, “दगड कुठं हायेत? लेकरं हायेत ही. शाळेत गेलीत.” आणि एकेका दगडावर हात ठेवत ती सांगू लागली. हा सुताराचा धाकटा. ही दोघं भावंडं, चुलत्याकडं राहत्यात. ह्याच्या आईचा पाय मोडलाय, त्याला पांघरूण आधी द्या.

गाडीवरचा तरुण खाली उतरला. तो दगडांकडं बघत राहिला, मग त्याला लिंबाखालचा आवाज ऐकू आला. बे नव्वे अठरा, बे दाहे वीस. त्यानं अकरा पांघरुणं मोजून म्हातारीजवळ ठेवली. रांगेतलं कुणी काही बोललं नाही.

पुढं दोन बायका म्हातारीच्या मदतीला आल्या. मग डोक्याला पट्टी बांधलेला एक माणूस आला. महिनाभरात पोरांसाठी रांग धरणं हे गावाचंच काम झालं. एक ड्रायव्हर तर गाडी लांब उभी करून बसून राहू लागला. म्हणे, “पोरं सुटू द्या, मग फाळका उघडतो.”

त्याच काळात भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपाच्या भागातली सुमारे 1,200 मुलं शिकायला पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी पोरक्या लेकरांसाठी ‘आपलं घर’ उभं केलं. या गावातली दोन पोरं पुण्याच्या गाडीत बसली. त्या दिवशी म्हातारीनं रांगेतले दोन दगड उचलले आणि लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवले. लिंबाखाली आता नऊ जणांचे पाढे चालू होते. गुरुजींनी त्या सकाळी पहिल्यांदा हजेरी घेतली.

पूर येतो, दरड कोसळते, कुठं लढाई पेटते. तेव्हा आपण धान्य पाठवतो, कपडे पाठवतो, आणि ते पाठवायलाच हवं. पण घरातली कर्ती माणसं गेली की त्यांची कामं लेकरांच्या अंगावर पडतात आणि पाटी तिथंच सुटते. ती पुन्हा हातात यायची, तर कुणीतरी मोठ्या माणसानं त्या लेकराचं काम आपल्याकडं घ्यावं लागतं. म्हातारीनं तेवढंच केलं.

तुम्ही कधी अशा गावात मदत घेऊन गेलात, तर आधी विचारा की शाळा कुठं भरते आणि किती वाजता सुटते. गाडीचा फाळका त्यानंतर उघडा.