सत्यवानाचा प्रश्न

ज्येष्ठ पौर्णिमेस वटवृक्षास सूत गुंडाळताना आपल्या माताभगिनी सावित्रीचे स्मरण करतात. यमाच्या पाशातून पतीस सोडवून आणणारी ही साध्वी सर्वांस परिचित आहे. परंतु ज्याच्यासाठी तिने यमास अडविले, त्या सत्यवानाचे देहान्त शासनाविषयी काय मत होते, हे फार थोड्यांच्या वाचनात आलेले असते.

महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिर भीष्मांस विचारतो की, हिंसा न करता राजाने प्रजेचे रक्षण कसे करावे? उत्तरादाखल भीष्म द्युमत्सेन व सत्यवान या पितापुत्रांचा संवाद सांगतात. पित्याच्या आज्ञेने काही अपराध्यांस वधासाठी नेले जात असता सत्यवान म्हणतो की, वध हा कदापि धर्म होऊ शकत नाही. द्युमत्सेन विचारतो, दस्यूंस मारावयाचे नाही, तर समाजाची घडी राहावी कशी? यावर सत्यवानाचे उत्तर असे की, एका दस्यूचा वध करताना राजा त्याची भार्या, माता, पिता व पुत्र या निरपराध जीवांचाही घात करीत असतो. शिवाय दुर्जनही सत्संगाने सुधारतो आणि दुर्जनाच्या पोटी सज्जन संतती निपजते. म्हणून अन्य शिक्षा द्याव्यात. आणि अपराधी पुरोहितास शरण येऊन पुन्हा पाप न करण्याचे वचन देईल, तर त्यास सोडावे. वारंवार अपराध करणाऱ्यास मात्र ही सवलत नाही, हेही तो सांगतो.

या संवादात पुरोहिताचा उल्लेख सहज आलेला नाही. राजाच्या न्यायसभेखेरीज पश्चात्तापाचे एक दार उघडे असावे, आणि ते धर्मसंस्थेने राखावे, असा त्याचा आशय आहे. तेव्हा फाशीचा प्रश्न न्यायालयाचा व सरकारचा, मंदिराचा नव्हे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

कोणी म्हणतील, आपल्या परंपरेत रामशास्त्री प्रभुणेही आहेत. राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो, हे खरे. परंतु त्या कथेत आपण कशास वंदन करतो? सत्ताधीशासमोर न्यायाधीश डगमगला नाही, यास. प्रत्यक्षात फास कोणाच्या गळ्यात पडतो, हे आपल्या शहरानेच पाहिले आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील भूमय्या व किष्टा गौड या दोघांस, शिक्षा रद्द करण्यासाठी मोठी चळवळ होऊनही, आणीबाणीच्या काळात १ डिसेंबर १९७५ रोजी मुशिराबादच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. तो तुरुंग आता राहिला नाही. त्या जागी आज गांधी रुग्णालय उभे आहे. ज्या भूमीवर प्राण घेतले जात, तेथे आज प्राण वाचविले जातात. यातील बोध सांगावयास नको.

याहून कठीण प्रश्न दुसराच आहे. २५ ऑगस्ट २००७ रोजी लुंबिनी पार्क व गोकुळ चाट येथे आणि २१ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलसुखनगरात स्फोट झाले. ज्यांच्या घरचे माणूस त्या सायंकाळी परत आले नाही, त्यांना दयेचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? प्रस्तुत लेखकाजवळ याचे सोपे उत्तर नाही. त्यांचा क्रोध अधर्म नव्हे. परंतु त्यांच्या क्रोधाचा आधार घेऊन आपण सुखाने फाशीची मागणी करणे, हे मात्र धर्माचे लक्षण खचित नाही. डिसेंबर २०१९ मध्ये एका तरुणीवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणातील चौघे आरोपी, खटला चालण्यापूर्वीच, पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. आणि याच शहरातील लोकांनी पोलिसांवर पुष्पवृष्टी केली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने तो गोळीबार जीव घेण्याच्या हेतूने झाल्याचा आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचा निष्कर्ष काढला. देवास वाहावयाची फुले आपण कोठे वाहिली, याचा विचार प्रत्येकाने आपल्या देवघरात बसून करावा.

दयेचा मार्ग दुबळ्यांचा, असेही मानू नये. एप्रिल १९५१ मध्ये आचार्य विनोबा हैदराबादजवळ शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलनासाठी आले. तेलंगणात रक्तपात चालू असता त्यांनी प्रथम येथील तुरुंगात जाऊन साम्यवादी बंदिवानांची भेट घेतली, आणि मग ते पायी पोचमपल्लीस गेले. पुढे नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहणाऱ्या तहसीलदारसिंग या दरोडेखोराचे पत्र त्यांना आले. १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात फिरले व वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. तहसीलदारसिंगाची फाशीही जन्मठेपेत बदलली. महात्माजींच्या हत्येनंतर त्यांचे पुत्र मणिलाल व रामदास यांनी मारेकऱ्यांस फाशी देऊ नये, अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही व १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यास फाशी झाली. तथापि पितृवधाचे दुःख सोसणाऱ्यांनी ती केली, म्हणूनच तिचे मोल मोठे.

मग आपण काय करावे? प्रथम, पीडित कुटुंबांच्या दारी जावे. त्यांच्या मुलांचे शिक्षण, औषधपाणी व न्यायालयातील खेपा यांत हातभार लावावा. हे न करता दयेविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरे, ज्यास फाशी झाली त्याच्या वृद्ध मातेस व मुलांस समाजाने वाळीत टाकू नये. सत्यवानाने ज्यांची आठवण दिली, ती हीच माणसे. तिसरे, राज्यघटनेच्या ७२ व १६१ या अनुच्छेदांनी राष्ट्रपती व राज्यपाल यांस दयेचा अधिकार दिला आहे. तो वापरावा, अशी विनंती मंदिर, मशीद, गुरुद्वारा व चर्च यांतील श्रद्धावंतांनी एकत्र बसून, नम्र शब्दांत व स्वाक्षऱ्यांनिशी करावी. अपराध लहान होता असे त्यात म्हणू नये. जन्मभराची कैद ही शिक्षाच आहे, एवढेच म्हणावे.

ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या दुष्टपणाचा मागितला. ते मागणे आपण नित्य म्हणतो. ज्या दिवशी एखाद्याच्या फाशीची वार्ता येईल, त्या दिवशीही ते म्हणताना आपला स्वर अडखळू नये, एवढीच प्रार्थना.