टँकरच्या पाठीवरचा शब्द

मनमाडजवळ, पानेवाडीच्या डेपोतून भरून निघालेल्या पेट्रोलच्या टँकरमागे आमची गाडी अडकली होती. भाचा टँकरच्या पाठीवरची मोठी अक्षरं वाचत होता: 'हायली इनफ्लेमेबल'. "मामा, म्हणजे हा अजिबात पेटत नाही ना?" करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल अशा जोड्या शाळेत पाठ केलेल्या. नियम बरोबर लावला आणि उत्तर साफ चुकलं.

लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, आपल्या 'अनंत'मधल्या 'अन्'चा चुलतभाऊ. दुसरा 'आत, मध्ये' या अर्थाचा. 'इनफ्लेमेबल'मध्ये बसलाय तो दुसरा. म्हणून हा शब्द 'ज्वालाग्राही'च्याच घरातला. आपण हसायचं कारण नाही. 'विफल'मधला 'वि' फळ हिरावून घेतो, 'विशुद्ध'मधला शुद्धतेत भर घालतो. आपण गोंधळत नाही, कारण हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले असतात.

'फ्लेमेबल' हा शब्द इंग्रजीत 1813 पासून सापडतो, पण तो फारसा कुणी वापरत नव्हतं. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं 'इनफ्लेमेबल' टाळून तोच वापरा, असा आग्रह धरला. व्युत्पत्तीवाल्यांना हे अडाणीपणापुढे गुडघे टेकणं वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. धोक्याची पाटी पंडितासाठी नसते, बिडीसाठी काडी ओढणाऱ्यासाठी असते. आपल्याकडे मात्र टँकरवर जुनाच शब्द अजून दिमाखात फिरतोय.

अर्थात सोप्या शब्दानं सगळं भागतं असंही नाही. भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन ली व्हॉर्फ पोटासाठी आगीच्या विमा कंपनीत नोकरी करायचा. त्यानं पाहिलं, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वावरतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ बेफिकीर असतात, सिगारेटी ओढतात. रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि धोका तिचाच जास्त. 'रिकामं' हे तर पोरासोरांनाही कळणारं विशेषण!

संध्याकाळी परतताना तसाच एक टँकर पुढे लागला. पेट्रोल कुठेतरी उतरवून डेपोकडे निघालेला, खडखडत. भाच्यानं पुन्हा ती अक्षरं वाचली. "मामा, आता रिकामा आहे ना? मग पुसायला हवं ते."

मी गाडी जरा आणखी मागे घेतली.