टेबल कुणाचे?

रविवारची पहिली मिस्सा आटोपली की कधीकधी आपली पावले घराऐवजी नाश्त्यासाठी बाहेर वळतात. काही कुटुंबे तर त्यासाठी थेट माटुंगा गाठतात. किंग्ज सर्कलजवळचे 'कॅफे मद्रास' हे १९४० साली सुरू झालेले उडपी हॉटेल. शनिवार-रविवारी तिथे आत टेबले मोजकी आणि बाहेर माणसे पुष्कळ. यादीत नाव लिहायचे, फुटपाथवर उभे राहायचे आणि नाव पुकारले जाण्याची वाट पाहायची.

त्या वेळी आपल्या मनात काय चालते? आत पाहून आपण म्हणतो, "यांचे खाणे तर केव्हाच झाले, मग उठत का नाहीत?" पोरे भुकेने कुरकुरत असतात, ज्येष्ठांचे पाय दुखत असतात. यथावकाश आपले नाव पुकारले जाते. इडली येते, डोसा येतो, फिल्टर कॉफी येते आणि संपते. गप्पा रंगतात. आता मात्र बाहेरची माणसे आपल्याला दिसेनाशी होतात. कुणी आपल्याकडे पाहिलेच तर आपण म्हणतो, "आम्हीही उभे होतो की! पैसे मोजले आहेत."

पैसे आपण मोजले, हे खरेच. पण ते कशाचे? खाण्याचे की जागेचे? आणि खाणे संपल्यावर ते टेबल कुणाचे?

कायद्याने याबाबत एक मोठे काम केलेले आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदानुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात वा उपाहारगृहात मज्जाव करता येत नाही. एकेकाळी आपल्या देशात जात पाहून पंगत बसत असे. आज गर्दीच्या हॉटेलात आपण अनोळखी माणसासमोर, एकाच टेबलावर बसून सांबारात इडली बुडवतो. ही लहानसहान गोष्ट नव्हे. मात्र कायदा आपल्याला दारातून आत आणतो आणि थांबतो. आत किती वेळ बसावे, हे तो सांगत नाही. तिथून पुढे विवेकाचा प्रांत सुरू होतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हा ग्रंथ लिहिला. न्याय्य नियम कोणता, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक कल्पना मांडली. समाजात आपले स्थान कोणते असेल, हे ठाऊक नाही असे समजा आणि मग नियम ठरवा. गरीब असू की श्रीमंत, हे माहीत नसलेला माणूस कुणावरच अन्याय होऊ देणार नाही. हॉटेलच्या दारात तर एवढ्या कल्पनेचीही गरज नाही. बसलेले आणि उभे असलेले, ही दोन निराळी माणसे नाहीतच. अर्ध्या तासाच्या अंतराने तीच माणसे आहेत. इथे केवळ स्मरणशक्ती पुरते. तरीही आपण विसरतो. खुर्ची मिळताच इतक्या लवकर विसर पडतो, ही खरी काळजीची बाब आहे.

कुणी विचारील, मग घड्याळ लावून खायचे काय? मुळीच नाही. थरथरत्या हाताने हळूहळू घास घेणाऱ्या आजोबांना घाई करणे हा अन्यायच. वर्षानंतर भेटलेली दोन भावंडे एखादी अवघड गोष्ट बोलत असतील, तर त्यांनाही वेळ हवा. म्हणून बाहेर उभ्या असलेल्यांचेही कर्तव्य आहे. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून उभे राहू नये. न्याय म्हणजे प्रत्येकाला सारखी मिनिटे नव्हेत. ज्याची जेवढी गरज, तेवढा त्याचा वेळ. पण ही गरज आहे की नुसती ऐसपैस सवय, हे बाहेरच्याला कळत नाही. ते फक्त बसलेल्यालाच ठाऊक असते. म्हणूनच हा निर्णय दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही. मालकाने वेळेची पाटी लावली, तर आपण उठू. पण ते पाटीमुळे, माणसामुळे नव्हे.

विरार लोकलमध्ये आपण हेच अनुभवतो. "जरा सरका," म्हणत चौथ्या सीटवर टेकणारा, स्वतः खिडकीशी पोहोचला की पाय पसरतो. नोकरी, घर, मुलांचा शाळाप्रवेश, सगळीकडे रांग आहे आणि सगळीकडे हा विसर आहे. मोठ्या ठिकाणी तो एकदम सुटणार नाही. सुरुवात लहान ठिकाणी करता येईल. कॉफी संपली की एकदा दाराकडे पाहावे. तिथे कुणी लेकरू कडेवर घेऊन उभे असेल, तर उरलेल्या गप्पा चालता चालता मारता येतात.