माउस कुणाच्या हाती?

वाशीम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावांतून मुलंमुली कॉलेजसाठी कारंजाची वाट धरतात. बी.ए.ची, बी.कॉम.ची. मोबाईलवर त्यांचा अंगठा सरसर चालतो. संगणकापुढे बसलं, की तो अंगठा थबकतो आणि एकटी तर्जनी अक्षर शोधत फिरते.

संगणकाच्या वर्गात एक गोष्ट हमखास दिसते. मुलगी अडली, की शिकवणाऱ्याचा हात माउसकडे जातो. "थांब, मी दाखवतो." दोन क्लिकमध्ये काम होतं. मुलगी मान डोलावते. काम झालं, शिकणं राहिलं.

संगणक साक्षरतेचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम 2001पासून गावोगावी पोचला, हे मोठंच काम झालं. प्रमाणपत्रं घरोघरी आहेत. तरी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली, की रांग सेवा केंद्रापुढे लागते. उत्पन्नाचा दाखला दुसरा कुणी स्कॅन करतो, फाईल हव्या तेवढ्या केबीत तोच बसवतो. पासवर्डही पुष्कळदा त्याच्याच वहीत. ओटीपी तेवढा आपल्या मोबाईलवर, तोही त्याला वाचून दाखवायचा. केंद्रचालकाचा यात दोष नाही, तो गरज भागवतो. पण पदवी होईपर्यंत एवढं तरी अंगवळणी पडायला हवं.

वर्गात त्याची सुरुवात सोपी असावी. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर पहिला शब्द गावाचाच द्यावा. धनज. काना नाही, मात्रा नाही. शिफ्ट धरून ओची कळ दाबली, की ध. व्हीवर न. पीवर ज. मग वाशीम, मग कारंजा. मग फाईलला नाव द्यायचं, फोल्डरमध्ये ठेवायची, बंद करायची आणि पुन्हा शोधून काढायची.

हे शेवटचंच अवघड. मोबाईल सगळं आपणहून सांभाळतो. कुठं ठेवलं, हे विचारायची वेळच येऊ देत नाही. म्हणून फाईल सापडेना, की मुलगी पडद्याकडे नाही, सरांकडे बघते. तेव्हा गप्प राहणं फार जड जातं. पण ती पुन्हा पडद्याकडे वळते, ती त्या गप्प राहण्यामुळेच.

सर, मॅडम, प्रात्यक्षिकाच्या तासाला हात पाठीमागे बांधून उभे राहा. फाईल भलतीकडे जाईल, जाऊ द्या. आणि यंदाचा शिष्यवृत्तीचा अर्ज ज्याचा त्याच्याकडूनच भरून घ्या.